सॉफ्टवेअर नंतर, आधी विद्यार्थ्याचा आठवडा

प्रश्न : मी तालुक्याच्या गावी कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. आमच्या प्राचार्यांनी 'ऑनलाइन कोर्स समन्वयक' म्हणून माझं नाव घातलं आहे. दिवाळीच्या सुट्टीत सहा दिवसांची कार्यशाळा घ्यायची, २८ प्राध्यापकांना शिकवायचं आणि शेवटच्या दिवशी प्रत्येकाचा एक ऑनलाइन कोर्स तयार दिसला पाहिजे, असा त्यांचा आग्रह आहे. मागच्या वर्षी बाहेरून तज्ज्ञ आले होते. त्यांनी पाच दिवस निरनिराळी सॉफ्टवेअर दाखवली, सगळ्यांना प्रमाणपत्रं मिळाली, पण एकही कोर्स उभा राहिला नाही. आमचे मराठीचे विभागप्रमुख तीन वर्षांनी निवृत्त होतील. ते म्हणतात, "समोर पोरं नसतील तर मी बोलू कुणाशी?" सीएचबीवरची, म्हणजे तासिका तत्त्वावर काम करणारी, तरुण मंडळी वेगळ्याच काळजीत आहेत : व्हिडिओ करून दिले की पुढच्या वर्षी आपल्याला बोलावतील का? आमच्या मुलांकडे फोन आहेत, पण काही घरांत दोघा-तिघांत एक. बरीच मुलं सकाळी कॉलेज करून दुपारी कामावर जातात. मी कोणतं सॉफ्टवेअर शिकवू? सहा दिवस कसे आखू? आणि मराठीच्या सरांना काय सांगू?
— एक प्राध्यापिका, सांगली जिल्हा

उत्तर :

प्रिय मॅडम,

सॉफ्टवेअरचा प्रश्न सगळ्यात सोपा आहे, तो आधी हातावेगळा करते. कॉलेजात गुगल क्लासरूम रुळलेलं असेल तर तेच ठेवा. मूडल हे तशाच कामाचं सॉफ्टवेअर असेल तर अधिक चांगलं, कारण ते मोफत आहे आणि त्याच्या मोबाइल ॲपमध्ये धडा एकदा उतरवून घेतला की नेट नसतानाही उघडतो. दोन्हींपैकी एकच निवडा आणि २८ जणांना तेवढंच शिकवा. एका दुपारचं काम आहे. मागच्या वर्षी कोर्स उभे राहिले नाहीत याचं मला नवल वाटत नाही. पाच दिवस बटणं दाबायला शिकवली, पण 'माझ्या विषयातली कोणती गोष्ट मुलाने कोणत्या दिवशी, काय करून शिकायची' हे कुणी कुणाला विचारलंच नाही. तो विचार झाल्याशिवाय कितीही चांगलं सॉफ्टवेअर हातात दिलं तरी माणूस त्यात आपली जुनी पीपीटीच चढवतो.

आता सहा दिवसांचं. सहा दिवसांत २८ कोर्स होणार नाहीत, आणि हे प्राचार्यांना कार्यशाळेच्या आधीच सांगायला हवं. मार्च २०२० मध्ये जगभरची कॉलेजं घाईघाईने ऑनलाइन गेली, तेव्हा अमेरिकेतल्या पाच अभ्यासकांनी 'एज्युकॉज रिव्ह्यू' या उच्चशिक्षणातल्या तंत्रज्ञानावरच्या नियतकालिकात एक लेख लिहिला होता. आपण आता करतोय ते संकटकाळातलं दूरस्थ शिकवणं आहे, त्याला ऑनलाइन शिक्षण समजू नका, असं त्यांनी बजावलं होतं. पूर्णपणे ऑनलाइन चालणारा विद्यापीठीय कोर्स सुरू करण्याआधी साधारण सहा ते नऊ महिने तयारीत जातात, असंही त्याच लेखात आहे. तेही पाठीशी तांत्रिक माणसं असताना. लॉकडाऊनमध्ये आपण सगळ्यांनी झूमवर तास घेतले, त्यामुळे आपल्याला ऑनलाइन शिकवता येतं असा समज स्टाफरूममध्ये पसरलेला असतो. तुमच्या प्राचार्यांचाही कदाचित तोच समज असेल. त्या लेखाची प्रत त्यांच्या टेबलावर ठेवा आणि मागणी बदलून घ्या. प्रत्येकाचा पूर्ण कोर्स नको, प्रत्येकाचा एक आठवडा. एकच, पण खरोखर मुलांसमोर चालवता येईल असा.

मग त्या सहा दिवसांचं काय करायचं? त्यातले दोनच दिवस दिवाळीच्या सुट्टीत घ्या, प्रत्यक्ष, कॉलेजात. एक दिवस शेवटी राखून ठेवा. मधले सहा आठवडे सगळं प्रशिक्षण ऑनलाइन करा, म्हणजे तुमचे सहकारी स्वतः एका ऑनलाइन कोर्सचे विद्यार्थी होतील आणि तो कोर्स तुम्ही चालवाल. माझ्या सगळ्या सल्ल्यात ही एक गोष्ट सोडू नका, बाकीचं सोडलं तरी चालेल.

कारण असं की, आपल्यापैकी बहुतेक प्राध्यापकांनी ऑनलाइन शिकवलं आहे, पण ऑनलाइन शिकलेले फार थोडे. वर्गात बसून शिकण्याची आपल्याला पंधरा-सतरा वर्षांची सवय असते, म्हणून वर्गात काय चालतं नि काय चालत नाही हे अंगात भिनलेलं असतं. ऑनलाइनच्या बाबतीत तसं काहीच भिनलेलं नाही. रसायनशास्त्राचे सर रात्री दहाला जेवण आटोपून फोन उघडतात, समोर 'वरील साहित्य अभ्यासून कृती पूर्ण करा' असं वाक्य येतं, साहित्य चार ठिकाणी विखुरलेलं असतं आणि कृती कोणती ते कळत नाही. 'उद्या बघू' म्हणून ते फोन ठेवतात. तिसऱ्या आठवड्यात मागे पडले की विचारायचीही लाज वाटायला लागते. हे एकदा स्वतःच्या बाबतीत घडलं की आपल्या मुलांसाठी सूचना लिहिताना त्यांचा हात आपोआप थांबतो.

म्हणून दर रविवारी प्रत्येकाकडून चार ओळी लिहून घ्या : या आठवड्यात कुठे अडकलो, काय दोनदा वाचावं लागलं, सोडून द्यावंसं कधी वाटलं. सोमवारी त्या ओळी नावं न घेता सगळ्यांसमोर ठेवा. कुठल्याही तज्ज्ञाच्या व्याख्यानापेक्षा तुमच्या लोकांना त्यातून जास्त मिळेल. आणि तुमच्या बाजूने एक नियम पाळा : कुणीही काही विचारलं तर ४८ तासांच्या आत उत्तर. त्यांना ते मिळालं तरच ते पुढे मुलांना देतील.

हा विचार माझ्या एकटीचा नाही. आयआयटी मुंबईने गेल्या दशकात हजारो कॉलेज-शिक्षकांना ऑनलाइन कोर्समधूनच प्रशिक्षण दिलं. त्या अनुभवातून सहना मूर्ती, समीर सहस्रबुद्धे, श्रीधर अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थिकेंद्री 'मूक'ची (MOOC, म्हणजे कुणालाही प्रवेश असलेला मोठा ऑनलाइन कोर्स) एक रचना मांडली. तिच्यातली एक बारीकशी गोष्ट मला फार आवडते. व्हिडिओच्या मध्येच शिक्षक थांबतो, प्रश्न विचारतो आणि म्हणतो, "व्हिडिओ थांबवा, वहीत उत्तर लिहा, मग पुढे जा." ते या जागेला 'रिफ्लेक्शन स्पॉट' म्हणतात. वर्गात आपण फळ्याकडे पाठ करून "बोला, पुढे काय येईल?" म्हणतो, तीच ही जागा. रेकॉर्डिंग करताना समोर कुणी नसतं, म्हणून ती पहिली गळते. तुमच्या कार्यशाळेत निदान एवढी एक सवय सगळ्यांना लागली तरी खूप झालं.

आता 'एक आठवडा' म्हणजे काय ते तुमच्याच विषयात दाखवते. पहिल्या दिवशी सहकाऱ्यांसमोर ठेवायला तुम्हाला नमुना लागेलच. समजा प्रथम वर्षाला मागणीची लवचिकता शिकवायची आहे, म्हणजे भाव जितके टक्के बदलला त्याच्या तुलनेत मागणी किती टक्के बदलते ते. नेहमीच्या रीतीने केलं तर पाऊण तासाचं रेकॉर्डिंग, पाठ्यपुस्तकाच्या पानांचे फोटो आणि शेवटी वीस बहुपर्यायी प्रश्न, एवढा तो आठवडा होईल. त्याऐवजी असं करून बघा.

सोमवारी सहा मिनिटांचा व्हिडिओ. व्याख्या लगेच सांगू नका. "कांदा २० रुपयांवरून ४० रुपये किलो झाला, तर तुमच्या घरी आठवड्याला किती कमी येईल? आणि मिठाचा भाव दुप्पट झाला तर? दोन्ही आकडे वहीत लिहा." मग थांबा. त्यानंतर लवचिकता. मंगळवार ते गुरुवार प्रत्येक मुलाने दोन ठिकाणी जाऊन विचारायचं : एक आपलं किंवा शेजारचं घर, आणि एक धंद्याची जागा. भेळेची गाडी चालेल, खानावळ चालेल, तो मुलगा दुपारी ज्या दुकानात कामाला जातो ते दुकानही चालेल. कांदा महाग झाला तेव्हा तुम्ही किती कमी घेतला, एवढा एकच प्रश्न. उत्तर फोनवरूनच एका छोट्या फॉर्ममध्ये भरायचं. शुक्रवारी तुम्ही सगळ्यांचे आकडे एका तक्त्यात करून परत पाठवायचे आणि प्रत्येकाने त्यातल्या दोन ओळींची लवचिकता काढायची. एखादी खानावळ १० किलोवरून ९ वर आलेली असेल : किंमत शंभर टक्के वाढली, मागणी दहा टक्के घटली, लवचिकता ०.१. दुसरीने कोशिंबिरीत कांद्याऐवजी कोबी घालायला सुरुवात केली आणि १० वरून ४ वर आली, तिची ०.६. एकाच गावात, एकाच आठवड्यात दोन खानावळी इतक्या वेगळ्या का वागल्या? हा प्रश्न तुम्ही विचारायचीही गरज पडणार नाही, कुणीतरी मुलगीच विचारेल. पर्यायी वस्तूंचा मुद्दा तिथे येतो, तो तुम्हाला वेगळा शिकवावा लागत नाही.

शनिवारी तुम्ही उत्तरं चाळायची. टक्केवारीतला बदल काढण्याऐवजी सरळ किलोंना रुपयांनी भागणारी मुलं हमखास निघतात. ही चूक आणि आणखी एखादी, अशा दोन चुका पकडून तीन मिनिटांची ऑडिओ सगळ्यांना पाठवा : "तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी इथे असं केलंय, पुन्हा बघा." रविवारी पाच प्रश्नांची चाचणी, पण प्रत्येक चुकीच्या पर्यायाखाली तो का चुकला हे एका ओळीत लिहिलेलं. सगळं मिळून मुलाचे तीन-साडेतीन तास जातात, आणि त्यात व्हिडिओची मिनिटं फक्त सहा.

याच धर्तीवर प्रत्येक सहकाऱ्याकडून एक कागद भरून घ्या. वार, मुलाने काय करायचं, त्याला किती वेळ लागेल, ते कुठे पाठवायचं, त्यावर कोण आणि कधी उत्तर देणार. व्हिडिओचा रकाना सगळ्यात शेवटी. हा कागद पक्का झाल्याशिवाय कुणालाही कॅमेऱ्यासमोर बसू देऊ नका. रेकॉर्डिंगची हौस सगळ्यांना असते आणि एकदा पाऊण तास रेकॉर्ड झालं की ते कापायला कुणाचंच मन होत नाही.

कागद तपासायला दुसऱ्या विभागाचा माणूस द्या. मराठीचा कागद भौतिकशास्त्राकडे, वाणिज्याचा वनस्पतिशास्त्राकडे. आपल्याच विषयाचा माणूस मजकुरातल्या चुका काढत बसतो. परक्या विषयाचा माणूस विद्यार्थी विचारतो तेच विचारतो : "इथे मी नेमकं करायचं काय?" आपल्याकडे ही पद्धत नवी नाही. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं, राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. त्या विद्यापीठाचं एखादं पाठ्यपुस्तक उघडून श्रेयनामावली बघा. लेखक आणि विषयाचे संपादक यांच्याबरोबर 'अनुदेशन तंत्र संपादक' असंही एक नाव सापडतं. विषय त्याचा असो वा नसो, घरी एकट्याने बसून वाचणाऱ्या माणसाला हे पान पेलेल का, हे बघणं त्याचं काम. मजकूर थेट 'तुम्ही'शी बोलतो, मधेच थांबवून प्रश्न विचारतो, उत्तरं मागे दिलेली असतात. तुमच्या कॉलेजात मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र असेल तर कपाटातून दोन पुस्तकं काढून पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या हातात द्या. ऑनलाइन कोर्स लिहिण्याचा याहून जवळचा मराठी नमुना मला माहीत नाही.

व्हिडिओबद्दल थोडक्यात. २०१४ साली फिलिप ग्वो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एडएक्स या ऑनलाइन व्यासपीठावरच्या चार कोर्समधल्या, व्हिडिओ बघितल्याच्या जवळजवळ ६९ लाख नोंदी तपासल्या. व्हिडिओ कितीही लांब असला तरी निदान निम्म्या वेळा मुलं सहा मिनिटांच्या पलीकडे टिकत नव्हती. स्टुडिओत केलेल्या झकपक चित्रीकरणापेक्षा शिक्षकाने टेबलाशी बसून समोरच्याशी बोलल्यासारखं बोललेलं अधिक बघितलं जात होतं. म्हणून स्टुडिओ उभारायचा प्रस्ताव कुणी मांडला तर तो पैसा वाचवा. साधा फोन, खिडकीकडे तोंड आणि इयरफोनचा माइक एवढं पुरतं. चित्र थोडं अंधुक चालतं, आवाज खरखरीत चालत नाही. आणि जिथे दाखवण्यासारखं काही नाही तिथे व्हिडिओ करूच नका. दहा मिनिटांची ऑडिओ पाच एमबीच्या आसपास बसते. बसस्टँडवर उभं राहून किंवा कामावर जाताना ऐकता येते, आणि घरातला एकुलता फोन रात्री अर्धा तास मिळणाऱ्या मुलीलाही ती उतरवून घेता येते.

नोट्सचं मात्र निक्षून सांगा. बऱ्याच जणांच्या जुन्या नोट्स श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा युनिकोडआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात, त्या मुलांच्या फोनवर उघडल्या की अक्षरांचा गोंधळ दिसतो. काही जण पानांचे फोटो काढून पीडीएफ करतात. तुमच्या कॉलेजात दृष्टिहीन विद्यार्थी असेल तर त्याच्या स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या ॲपला, त्या फोटोतली अक्षरं नीट वाचता येत नाहीत. सगळं युनिकोडमध्ये, आणि प्रत्येक व्हिडिओबरोबर त्याचा मजकूर. हे पहिल्या दिवसापासून लावून धरलं नाही तर नंतर कुणी बदलत नाही.

प्राचार्य 'स्वयम' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या व्यासपीठाचं नाव काढतील. २०१७ पासून चालणाऱ्या त्या व्यासपीठावर कोर्सचे चार भाग मानतात : व्हिडिओ, वाचन-साहित्य, स्वयंमूल्यमापन आणि शंकांसाठी चर्चा. यूजीसीच्या २०१६ च्या नियमांत विद्यार्थ्याला एका सत्रातले वीस टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम स्वयमवरून घेता येत होते, २०२१ च्या नियमांनी ती मर्यादा चाळीस टक्क्यांवर नेली. म्हणून प्रत्येक कॉलेजला आपलाही कोर्स तिथे असावा असं वाटतं. वाटू दे, पण आत्ता नको. तुमचा पहिला कोर्स तुमच्याच शंभर-सव्वाशे मुलांसाठी असू द्या. चार भागांची यादी मात्र उपयोगाची आहे, कारण आपण पहिले दोन भाग भरभरून करतो आणि शेवटचे दोन रिकामे सोडतो. 'खालील विषयावर चर्चा करा' असं लिहिलं की त्याखाली "छान माहिती सर" अशा ओळी येतात आणि चर्चा मिटते. मुलाने स्वतः आणलेला आकडा, फोटो, आवाज नसेल तर ऑनलाइन चर्चेला काही धरायलाच सापडत नाही.

एका गोष्टीचा तुमच्या पत्रात उल्लेख नाही. कोर्स तयार करण्याबद्दल सगळे बोलतात, तो चालवायचा कसा हे कुणी शिकवत नाही. वर्गात मागच्या बाकावरचा मुलगा येईनासा झाला की आपल्याला दिसतं. ऑनलाइन तो गुपचूप नाहीसा होतो. सहकाऱ्यांना एक शिस्त लावा : गुरुवारी दुपारी यादी बघायची, ज्यांनी आठवड्यात एकदाही उघडलेलं नाही त्यांना फोन करायचा. मेसेज नको, फोन. रिचार्ज संपलंय, आई आजारी आहे, ऊसतोडीला गेलोय, पासवर्ड विसरलो, अशी कारणं निघतात आणि त्यातली निम्मी दोन मिनिटांत सुटतात. सव्वाशे मुलांच्या प्रत्येक कामावर वेगळा अभिप्राय लिहिणं शक्य नाही. सगळ्यांसाठी एक ऑडिओ आणि दर आठवड्याला आळीपाळीने पंधरा जणांना व्यक्तिगत दोन ओळी, एवढं झेपतं. पण हा वेळ खरा आहे, तो वर्कलोडमध्ये धरला पाहिजे. उत्तरं देण्याचे तास तासिकांमध्ये मोजले जाणार नसतील तर चांगल्यातला चांगला शिक्षकही महिन्याभरात थकेल. ही मागणी तुम्ही समन्वयक म्हणून करायची आहे, प्रत्येकाने एकेकट्याने नाही.

आता सीएचबीच्या मंडळींची काळजी. ती अगदी रास्त आहे, आणि "असं काही होणार नाही हो" म्हणून तिची बोळवण करू नका. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ नुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाची पहिली मालकी, वेगळा करार नसेल तर, मालकाकडे जाते. तासावर येणाऱ्या माणसाचं काम त्यात बसतं की नाही यावर वाद होऊ शकतो, म्हणून करार आधीच झालेला बरा. एक पानाचं पत्र पुरेल : कोर्सवर करणाऱ्याचं नाव राहील, रेकॉर्डिंग किती वर्षं वापरलं जाईल, तो माणूस कॉलेजात नसेल तेव्हा त्याच्या संमतीशिवाय ते वापरलं जाणार नाही, आणि त्याला स्वतःचं साहित्य दुसरीकडे वापरता येईल. प्राचार्यांची सही घेऊनच कार्यशाळा सुरू करा. दुसरं, त्यांना तासाचे पैसे मिळतात. सुट्टीतले दिवस आणि पुढचे सहा आठवडे त्यांच्याकडून फुकट मागणं अन्याय आहे. कायम प्राध्यापकाला प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र 'कॅस' या प्राध्यापकांच्या पदोन्नतीच्या योजनेत उपयोगी पडतं, सीएचबीवाल्याला त्याचा तसा काहीच फायदा नाही. मानधनाची तरतूद होत नसेल तर त्यांना वगळा, पण फुकट राबवू नका. आणि त्यांना हेही दाखवून द्या की वर सांगितलेल्या रीतीने बांधलेल्या आठवड्यात शनिवारची ऑडिओ दर वर्षी नव्याने करावीच लागते, कारण मुलांचे आकडे नवे आणि चुकाही नव्या. ज्या कोर्सला फक्त व्हिडिओ आहेत, त्या कोर्समधला शिक्षक काढून टाकता येतो. इथे येत नाही.

सगळेच विषय ऑनलाइन न्यायचा हट्ट नको. रसायनशास्त्रात टायट्रेशन करताना, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबाथेंबाने सोडून मोजताना, रंग कधी पालटतो ते हाताने थेंब सोडत बघावं लागतं. प्रयोगाच्या आधी ब्युरेट कसं भरायचं, वाचन कसं घ्यायचं याची चार मिनिटांची चित्रफीत मुलांनी बघून यावी आणि प्रयोगशाळेतला वेळ हातांना द्यावा, इतपतच विज्ञानाच्या लोकांना सांगा. ते लगेच तयार होतील.

राहिले मराठीचे सर. मॅडम, त्यांचा प्रश्न ही अडचण समजू नका. पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर तो फळ्यावर लिहा, कारण उरलेल्या सत्तावीस जणांना तो पडायला हवा होता. आणि त्याचं उत्तर शब्दशः द्या : सरांसमोर चार मुलं बसवा. कवितेवर दहा मिनिटं बोलताना फोन बाजूला टेबलावर ठेवून फक्त आवाज घ्या, मुलांचे मधले प्रश्न, सरांचं हसणं, सगळं राहू द्या. व्हिडिओची गरज नाही. मग त्यांना लोकसाहित्याचा एक आठवडा करायला सांगा. प्रत्येक मुलाने घरातल्या किंवा वस्तीतल्या म्हाताऱ्या बाईकडून जात्यावरची एक ओवी मिळवायची, तिची परवानगी घेऊन अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्डिंग करायचं, ओवीतला एक न कळलेला शब्द लिहून पाठवायचा. सर त्यातल्या दहा ओव्यांवर आपल्या आवाजात बोलतील. हे काम तुमच्या कॉलेजात दुसऱ्या कुणाला जमणार आहे? वर्गाच्या चार भिंतींत शंभर आज्या कधीच आल्या नसत्या, फोनवर येतील. अपलोड करणं, फॉर्म लावणं हे त्यांच्याच विभागातल्या तरुण सहकाऱ्याने करावं आणि आठवड्यावर दोघांचीही नावं असावीत. एवढं करूनही ते नको म्हणाले तर आग्रह धरू नका. इतरांचे कागद वाचायला द्या. समोरचं पोर कुठे गोंधळेल हे तीस वर्षं वर्ग घेतलेल्या माणसाला बरोबर कळतं.

तुमचं वेळापत्रक मग असं बसेल : दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवस, तिथून सहा आठवडे ऑनलाइन, डिसेंबरअखेर एक दिवस सगळ्यांचे कागद आणि तयार साहित्य बघायला. जानेवारी-फेब्रुवारीत प्रत्येकाने आपला एक आठवडा खऱ्या मुलांबरोबर चालवायचा आणि मुलांकडूनही 'कुठे अडकलात' लिहून घ्यायचं. उन्हाळ्यात ज्यांना मनापासून करावंसं वाटतंय अशा पाच-सहा जणांनी पूर्ण कोर्स बांधायला घ्यावा, जूनमध्ये तेवढेच सुरू व्हावेत. प्राचार्यांना भेटायला जाल तेव्हा हे वेळापत्रक, सीएचबीच्या कराराचं पान आणि तुमचा लवचिकतेचा भरलेला कागद, तिन्ही एकदम घेऊन जा. नुसती हरकत घेऊन गेलात तर सहा दिवसांचंच ठरेल.